दुपारी तीनची सुई

६ जानेवारी २०२५, निपाणी

आले एकदाची. सकाळी सातला येळ्ळूर सोडलं, बेळगावला बस बदलली आणि साडेदहाला इथल्या स्टँडवर उतरले. उतरल्या उतरल्या शिंका सुरू झाल्या. एकामागून एक सात. शेजारच्या बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, निपाणीत नवीन माणूस कोण ते सांगावं लागत नाही, तंबाखूच सांगते. मीही हसले. किती दिवसांनी हसले असेन.

हॉस्पिटल छोटं आहे. दोन मजले, वीस खाटा. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. मागं तंबाखूची वखार, तिच्या पत्र्यावर दिवसभर कबुतरं. मला राहायला वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे, स्टोअरच्या शेजारी. खिडकीतून वखारीत पाला निवडणाऱ्या बायका दिसतात, तोंडाला पदर बांधून बसलेल्या.

मेट्रनबाईंचं नाव अक्काताई. सगळे आक्काच म्हणतात. तीस वर्षं नर्सिंग झालंय, बोलणं तुटक पण आल्या आल्या त्यांनी चहा आणि दोन बटर समोर ठेवले. वॉर्डात मालुबाई नावाच्या आयाबाई आहेत, साठीच्या आसपास. त्यांनी माझी ट्रंक एकटीनं जिना चढवून वर नेली. मी नको नको म्हणत होते. पाठीचं दुखणं असलेल्या पोरीनं असलं वजन उचलू नये, असं त्यांचं म्हणणं.

पाठीचं मी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात लिहिलं: स्लिप डिस्क. सगळ्यांना कळवळा आला. पुढचं लिहिलं नाही.

चार महिने अकरा दिवस झाले. कोल्हापूरच्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, रोज लिहायचं. दुसरी, नव्या ठिकाणी निदान एका माणसाला खरं सांगायचं. पहिली आजपासून सुरू केली. दुसरीचं बघू.

९ जानेवारी

आज आक्कांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. दुखण्याची कडक इंजेक्शनं ठेवतात त्या कपाटाला दोन कुलपं असतात. नियमाप्रमाणं एक किल्ली एकीकडे, दुसरी दुसरीकडे. इथं माणसं कमी, म्हणून दोन्ही ड्युटीवरच्या सिस्टरच्या कमरेला. दिवसपाळी माझी, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आक्का म्हणाल्या की चेहऱ्यावरूनच कळतं, विश्वासाची पोरगी आहेस.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आक्का, मला किल्ल्या नकोत, एवढंच. कारण विचारलं असतं तर दोन वाक्यात झालं असतं. कोल्हापूरला ड्युटीवर पेशंट उचलताना पाठ गेली, सहा दिवसांत परत कामावर बोलावलं, उभं राहता येईना म्हणून एका मैत्रिणीनं सुई दिली. मग मी मला दिली. मग पाठ बरी झाली तरी देत राहिले. पकडले जायच्या आधी राजीनामा दिला आणि दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. येळ्ळूरला आई-आप्पांना सांगितलं, पुण्यात ट्रेनिंग आहे.

जीभ उचललीच होती. तेवढ्यात मालुबाईंनी माझ्या आधीच्या सिस्टरची गोष्ट काढली. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, अनगोळची. बाथरूममध्ये सुई टोचून घेताना सापडली. कुणीतरी मोबाईलवर काढलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या निपाणीनं बघितलं. ठरलेलं लग्न मोडलं. आई-बाप घर सोडून कुठं गेले माहीत नाही. अजून वॉर्डात तिला ‘सुईवाली’ म्हणतात. वॉर्डबॉय तिची नक्कल करून दाखवतो.

सगळे हसले. मीही हसले. याचा राग आहे मला. त्या पोरीवर हसायचं काय कारण होतं मला?

१४ जानेवारी, संक्रांत

सहा नंबर खाटेवरच्या रुक्माबाईंनी आज तिळगूळ मागितला. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही त्यांचा. मालुबाईंनी गूळ पाण्यात विरघळवला आणि चमच्यानं ओठांना लावला.

तीस वर्षं वखारीत तंबाखू निवडली, दिवसातून दोन वेळा मिसरी लावली. जबड्यापासून सुरू झालेलं आता हाडात गेलंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मुलगा रवळू इचलकरंजीत मागावर असतो, घरी करायला कुणी नाही, म्हणून इथं आणून ठेवलंय. तो दर रविवारी येतो.

करण्यासारखं एकच आहे, वेळेवर सुई. सगळ्यात महत्त्वाची दुपारी तीनची. अडीचपासूनच त्या दाराकडे बघत असतात. सुई दिली की दहा मिनिटांत कपाळाची शीर सैल पडते, माझ्या हातावर थोपटतात आणि म्हणतात, “लागली गं बाय.” मग झोपतात. नोकरीत आवडावं असं मला एवढंच काय ते सापडलंय.

१७ जानेवारी

दुसरी सिस्टर चार दिवस रजेवर. दोन वॉर्ड माझ्याकडे. काल एक पेशंट घसरला, त्याला धरताना पाठीत कळ गेली ती अजून आहे. आक्कांकडे एक दिवस सुट्टी मागितली. त्या म्हणाल्या ॲडजस्ट कर. मोठ्या डॉक्टरांनी बाम दिला. बाम!

पाठीसाठी रजा मिळत नाही आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडता येत नाही. समुपदेशक बाईंना फोन लावला, लागला नाही. किल्ल्या चालताना वाजतात. दिवसभर वाजतात.

१८ जानेवारी

केलं.

अर्धी. रुक्माबाईंच्या तीनच्या सुईतली अर्धी. त्यांची सलाईनच्या पाण्यानं पुरी केली. अर्ध्यानं त्यांना काही फरक पडणार नाही, रोग इतका पुढं गेलाय. एकदाच. पाठ दुखायची राहिली की बंद.

२२ जानेवारी

पाठ राहिली. बंद झालं नाही.

आज त्या म्हणाल्या, “बाय, सुई लागली न्हाय गं मला.” चार दिवस म्हणताहेत. मी उशी नीट केली आणि म्हटलं, लागेल, जरा दम धरा. त्या दम धरतात. पलंगाची दांडी अशी धरतात की बोटांची पेरं पांढरी होतात.

मला त्यांचाच राग येतो, हे लिहिलं पाहिजे. वेळेवर कण्हतात, नेमकं माझी पाळी असताना. मग त्या रागाचाच राग येतो. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, आता दुखणं असंच वाढत जाणार. मी मान डोलावली. इतकं सोपं होतं.

२६ जानेवारी, रविवार

रवळू आला होता. माझ्यासाठी भाजलेल्या शेंगांची पिशवी आणली. पस्तिशीचा माणूस, पण माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, “सिस्टर, आई वाचणार न्हाय, म्हाईत हाय मला. तेवढं दुखायचं थांबवा. लई सोसलंय तिनं.”

मी शेंगा घेतल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. चार्टवर ते बघितलं आणि मी खूश झाले. आधी त्यांच्यासाठी नाही. आधी माझ्यासाठी. एक क्षण, पण झाले. मी कोण झालेय?

३१ जानेवारी

रुक्माबाई गेल्या. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी.

तीनला सुई घेऊन गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. हाडांचा नुसता सापळा, तरी सुटेना. सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. जबडा उघडत नव्हता, दातांतूनच बोलल्या.

“माझं ऱ्हायलंय तुझ्याकडं.”

मालुबाई पलीकडे होत्या. त्यांना वाटलं म्हातारी लुगडं नाहीतर पितळी काहीतरी ठेवायला दिल्याचं बोलतेय. त्यांनी मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, काही नाही.

मनगटावर चार बोटांचे वळ आहेत.

३ फेब्रुवारी

त्या दिवसापासून मी हात लावलेला नाही कपाटातल्या कशाला, माझ्यासाठी. तीन दिवस. अंग मोडून येतं, घाम येतो, पण नाही.

सहा नंबरवर आज नवीन पेशंट. चिक्कोडीकडच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, अपेंडिक्सचं ऑपरेशन. तीन वाजता पुरी सुई दिली. पुरी. देवाशपथ. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्या तडफडतच होत्या. नोवु, नोवु म्हणत होत्या. कन्नडमध्ये दुखण्याला म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, दिलीस ना? मी दिली होती! पंधरा दिवसांत पहिल्यांदा खरं सांगत होते आणि मी खोटं बोलत असल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी बाईंनी खाट बदलून मागितली. म्हणाल्या की पलीकडच्या अंगाला गादी दबते, कुणीतरी कुशीवर झोपल्यासारखी.

५ फेब्रुवारी

हात लावला. नाही राहवलं.

काहीच झालं नाही. पाणी टोचून घेतल्यासारखं. अर्ध्या तासानं पुन्हा. तेही पाणी. औषधाची काचकुपी सीलबंद होती, मीच फोडली. उलट डाव्या जबड्यात कळ सुरू झाली, कानापर्यंत.

६ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे स्वच्छ. म्हणाले, ताण घेता का? दुखण्याची गोळी लिहून दिली. मी बाहेर येऊन रस्त्यावरच हसायला लागले. गोळी!

ज्याला सांगायचं त्याला काय सांगू? मला औषध लागत नाही, असं म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, कुठलं घेतेस.

जेवताना घास मोठा घेता येत नाही.

७ फेब्रुवारी

मास्तरीणबाई घरी गेल्या. तरी तेच. ज्या खाटेवर तीनची सुई देते त्या खाटेवर तेच. अकरा नंबरचा म्हातारा, दोन नंबरची बाळंतीण. माझ्या हातून पुरी जाते आणि लागत नाही. म्हातारा म्हणाला, सिस्टर, हिला आधी द्या, ही लई मागतीया. कुणाला, विचारलं तर त्यानं स्वतःच्या शेजारी रिकामी गादी दाखवली.

मालुबाईंनी चादर बदलताना हात मध्येच थांबवला. मला बोलावून म्हणाल्या, हात लावून बघ, निम्मी गादी ऊन लागती.

लागत होती.

९ फेब्रुवारी

आज सांगितलं. सगळं.

आक्का त्यांच्या खोलीत होत्या. दार लावून घेतलं, दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं. कोल्हापूर, केंद्र, अठरा तारीख, रुक्माबाई. जबडा आखडलेला, शब्द दातांतून निघत होते, तरी थांबले नाही. रुक्माबाई अजून वॉर्डात आहेत, हेही सांगितलं. माझा परवाना काढून घ्या, पोलीस बोलवा, काय वाट्टेल ते करा, पण किल्ल्या माझ्याकडून घ्या.

आक्कांनी उठून खिडकी लावली.

“हे बघ मंजू. तू काय बोलली न्हाईस, मी काय ऐकलं न्हाय. त्या सुईवाल्या भागीच्या वेळंला हॉस्पिटल बंद पडायची पाळी आलती. पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी हाय. तोवर गुमान काम कर, मग रजा घे आनि जा कुठं जायचं ते.”

मी म्हटलं, किल्ल्या?

त्यांनी त्या उचलल्या आणि स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला अडकवल्या. किल्ल्या काढून घेतल्या तर सगळे विचारतील का काढून घेतल्या. असं म्हणाल्या. शांतपणे. वर, चहा घेतेस का विचारलं.

इतके दिवस वाटत होतं मी सांगत नाही म्हणून सगळं अडलंय. सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर निदान आवाज परत आला असता.

१० फेब्रुवारी

मालुबाई जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. माझ्याच खोलीकडे येत होत्या, मऊ भात घेऊन. दुखतंय म्हणून पोरगी जेवत नाही, मऊ भात तरी खाईल, असं स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या म्हणे.

ऑपरेशन परवा, बेळगावहून हाडांचे डॉक्टर येणार. तोवर दुखणं दाबून ठेवायचं.

दुसऱ्या खाटा भरलेल्या. सहा नंबरवर ठेवलंय त्यांना. मी भांडले. अक्षरशः ओरडले, तोंड उघडेल तेवढं. आक्का म्हणाल्या तमाशा नको.

दुसरी सिस्टर पुन्हा रजेवर. तीनची सुई मीच दिली. पुरी.

लागली नाही.

११ फेब्रुवारी, सकाळ

मालुबाई रात्रभर ओरडल्या म्हणे. रात्रपाळीची सिस्टर म्हणते, तिची सुई लागली थोडी. माझी नाही. म्हणजे माझ्याच हाताला—

आवाज बसलाय त्यांचा. मला जवळ बोलावून कुजबुजल्या,

“ही कोन झोपलीया गं माझ्याजवळ? हात फुडं करून. तुझं नाव घ्यायलीया.”

भ्रम असेल म्हणून सांगितलं. मला माहीत आहे भ्रम नाही. गादी दबलीय. खांदा, कंबर, टाच. बघितलं मी.

मला आता पाणीसुद्धा घोटाघोटानं. दोन बोटं जात नाहीत तोंडात. एकच.

११ फेब्रुवारी, दुपारी १

ठरवलं. रुक्माबाईचं तिला देऊन टाकायचं.

दोन भरणार. एक मालुबाईंची. दुसरी तिची. माझ्यासाठी थेंब नाही. आक्कांना विचारणार नाही. काही झालं तर ही वही मालुबाईंच्या उशाखाली असेल, रवळूला द्यावी. इचलकरंजीला असतो. त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे की त्याच्या आईला—

२.५०

स्टुलावर बसलेय, सहा नंबरपाशी. ट्रे मांडीवर. मालुबाई दांडी धरून आहेत. पेरं पांढरी. अगदी तशीच.

वॉर्डात सगळे झोपलेत. वखारीतल्या बायकांचं बोलणं ऐकू येतंय. स्वच्छ ऊन आहे. असल्या उन्हात भ्यायचं कसं.

३.००

मालुबाईंना दिली. पुरी. डोळे उघडेच.

आता दुसरी. चाचपडून बघितलं चादरीवर. लागलं. कातडं. ऊन. दंड सापडला, काडीसारखा. तिथंच टोचायची सवय आहे माझ्या हाताला.

घेत नाही. सुई मागं ढकलली तिनं. माझं मनगट धरलंय. उजवं. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर—

तोंडाशी तोंड आणलंय. तंबाखूचा वास. औषिद नगं म्हणते. औषिदाचं काय करू आता. दुखणं ने म्हणते. चौदा दुपारींचं हाय. तुझ्या वाटणीचं मी सोसलंय, ने आता, ने

ओरडता येत ना जबडा मिट

मालुबाईंनी दांडी सोडली. हात सैल. डोळे मिटतायत त्यांचे. माझ्याकडं बघून हसल्या, म्हणाल्या लागली. लागली गं बा

त्यांना लागली. देवा, लागली त्यांना. आता माझ्या हाडा